विमानविद्या आणि घरचा हिशेब



लोंढ्याच्या जंक्शनावर मिरजेची, हुबळीची व गोव्याची अशा तीन वाटा एकत्र येतात. आता आपल्या मुलामुलींना चौथी वाट खुणावू लागली आहे, ती आकाशाची. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक-शिक्षणाच्या नव्या संस्थांसाठी देशातील पाच विमानतळ निवडले. त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी यांच्या जोडीला आपले बेळगावही होते. तेव्हापासून ही विद्या आपल्या उंबरठ्याशी आली आहे. मुले मोबाईलवर जाहिराती पाहतात आणि बापापाशी शेत गहाण ठेवण्याची गोष्ट काढतात. अशा घरांसाठी हे चार शब्द.

प्रथम वैमानिकाच्या परवान्यांतील खाजगी व व्यावसायिक हा भेद ध्यानी घ्यावा. खाजगी वैमानिकाच्या परवान्यास वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात, दहावी उत्तीर्ण व्हावे लागते आणि निदान ४० तासांचे उड्डाण करावे लागते. परंतु ह्या परवान्यावर वेतन घेऊन विमान चालविता येत नाही. तो हौसेचा परवाना होय. पोटापाण्यासाठी व्यावसायिक परवाना हवा. त्यास वय अठरा व उड्डाण २०० तासांचे. सारा खर्च लाखोंच्या घरात जातो. त्यापुढे कंपनीच्या मोठ्या विमानाचे शिक्षण निराळे, आणि नोकरीची हमी कोणीच देऊ शकत नाही. हा भेद न समजता पैसे भरले, तर हाती परवाना येईल, पण घरात भाकरी येणार नाही.

जे. आर. डी. टाटा ह्यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला, तो हौसेपोटीच. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले व भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घातला. तेव्हा हौस तुच्छ नव्हे. मात्र ती करणाऱ्यापाशी तेवढी शिल्लक असावी लागते.

मग पालकांनी काय करावे? पैसा भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. खाजगी परवान्यास दुसऱ्या वर्गाची, तर व्यावसायिक परवान्यास पहिल्या वर्गाची तपासणी लागते. दृष्टी, रंग ओळखण्याची शक्ती, कान व हृदय ह्यांची परीक्षा होते. कर्ज काढल्यावर दोष आढळला, तर दुःख दुप्पट होते. नंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या यादीत त्या संस्थेचे नाव आज आहे की नाही, हे पाहावे. मग स्वतः तेथे जाऊन विचारावे: उडण्याजोगी विमाने किती, शिक्षक किती, विद्यार्थी किती? मध्येच शिक्षण सोडल्यास पैसे परत मिळतात काय? आपल्याकडचा पावसाळा सर्वांस ठाऊक आहे. त्या महिन्यांत उड्डाणे खोळंबतात आणि वसतिगृहाचा खर्च मात्र चालू राहतो. उत्तरे लेखी घ्यावीत व सर्व रक्कम एकदम भरू नये.

ज्यांची ऐपत नाही, त्यांनी निराश होऊ नये. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून वायुदलात जाणाऱ्यांच्या शिक्षणाचा भार सरकार उचलते. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. त्यासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. म्हणून दहावीनंतर विषय निवडतानाच घरात विचार व्हावा.

पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी १९२० साली लोरेटोच्या पवित्र मातेस वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी लोरेटोस वाहून नेले, अशी परंपरा आहे. म्हणजे आपली ही माता आकाशात जाणाऱ्यांची आहे, आणि घर सांभाळणाऱ्यांचीही. संत लूकच्या शुभवर्तमानात मनोरा बांधू पाहणाऱ्या मनुष्याविषयी प्रभू सांगतो. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. तसेच आपणही आज संध्याकाळी रोझरी झाल्यावर मुलास जवळ बसवावे आणि कागद-पेन्सिल घ्यावी. त्याचे स्वप्न हसण्यावारी नेऊ नये. धाकट्या भावंडांचा वाटाही त्या कागदावर मांडावा. हिशेब जुळला तर त्याला आशीर्वाद द्यावा. न जुळला तर दुसरी वाट त्याच्यासोबत शोधावी.