विश्लेषण : खुणांच्या भाषेलाही व्याकरण असते?

टीव्हीच्या पडद्यावर, कोपऱ्यातील छोट्या चौकटीत दुभाषी हातवारे करताना दिसतो. निवेदकाचा एकेक शब्द तो खुणेत बदलतो आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो भाषांतर करत असतो. त्याची भारतीय सांकेतिक भाषा मराठी, हिंदी वा इंग्रजीची नक्कल नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे.

जगभर खुणा सारख्याच?

नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये इंग्रजीच बोलली जाते. पण तेथील सांकेतिक भाषा इतक्या वेगळ्या आहेत की, एकीच्या भाषकाला दुसरी सहज कळत नाही. अमेरिकी सांकेतिक भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे.

खूण कशी घडते?

अमेरिकी भाषातज्ज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की, खूण म्हणजे अख्खे चित्र नसते. हाताचा आकार, जागा आणि हालचाल हे तिचे घटक. एक घटक बदलला की अर्थ बदलतो. जसा ‘काल’मधील ‘क’च्या जागी ‘ग’ आला की ‘गाल’ होतो. तळहाताची दिशा आणि चेहऱ्यावरील हावभाव यांचाही पुढे या घटकांत समावेश झाला.

वाक्य कसे तयार होते?

भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाची खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते. ‘तुझे घर कुठे आहे?’ हे साधारण ‘तू–घर–जागा–काय’ असे होते. ‘आहे’साठी वेगळी खूण लागत नाही. हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नात भुवया उंचावतात. म्हणजे येथे चेहरा प्रश्नचिन्हाचे काम करतो. नकारही वाक्याच्या शेवटी येतो. नात्यांमध्ये आधी पुरुष किंवा स्त्रीची खूण आणि मग भावंडाची, की भाऊ किंवा बहीण तयार. ‘मी तुला देतो’ आणि ‘तू मला देतोस’ यांतील फरक हाताची दिशाच सांगते. मराठी जे काम विभक्ती आणि क्रियापदाच्या रूपांवर सोपवते, ते येथे समोरची मोकळी जागा करते.

हा फरक महत्त्वाचा का?

बहुतांश कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या कुटुंबांत जन्मतात. घरात ही भाषा नसते, त्यामुळे ती मिळण्याची जागा म्हणजे शाळा. तेथे शिक्षक मराठी वाक्यक्रमाला खुणा जोडत गेला, तर चेहरा आणि जागेचे व्याकरणच गळून पडते. १८८० च्या मिलान परिषदेने तोंडी शिक्षणाचा आग्रह धरून खुणांना वर्गाबाहेर काढले. त्याची किंमत अनेक पिढ्यांनी मोजली.

भारतात कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेला स्थान दिले. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये तिच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. २०२१ मध्ये शब्दकोशातील संज्ञा १० हजारांवर पोहोचल्या. मात्र आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत ती नाही.

शब्दकोश गरजेचाच, पण शब्द पाठ करून मराठी येत नाही, तशी ही भाषाही येत नाही. तिच्यात विचार करणारे, शक्य तिथे स्वतः कर्णबधिर असलेले शिक्षक वर्गात हवेत. तोवर मुलाला उत्तर आले नाही, तर त्याला विषय कळला नाही की प्रश्नाची भाषाच त्याची नव्हती, हे शाळेला सांगता येणार नाही.