कोंबडीची किंमत : मदत की देणे?

१/ २०२२ मध्ये लंपी त्वचारोग वऱ्हाडात पसरला, तेव्हा शासनाचे दर असे होते : दुभती गाय ३०,००० रुपये, ओढकामाचा बैल २५,०००, वासरू १६,०००. वरूडच्या संत्राबागेत राबणाऱ्या बैलालाही तोच दर. जनावर रोगाने दगावले होते. शासनाने दिली ती मदत.

२/ बर्ड फ्लूचा हिशेब निराळा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला उद्रेक निश्चित झाला. पुढच्याच महिन्यात वऱ्हाडाला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात परसातील कोंबड्यांत रोग आढळला. बाधित क्षेत्रातील धडधाकट पक्षीही सरकारी आदेशाने मारले गेले. ही हानी रोगाने केलेली नव्हती. ती इतरांच्या सुरक्षिततेसाठी करविली गेली. तिच्या मोबदल्यालाही ‘मदत’ म्हणणे हा शब्दांचा आळस आहे.

३/ १८६५ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांची बुळकांडी पसरली. १८६६ च्या कायद्याने रोगी जनावर मारल्यास किमतीच्या निम्मी भरपाई ठरली, कमाल २० पौंड. संपर्कातील निरोगी जनावरासाठी तीन चतुर्थांश, कमाल २५ पौंड. हा फरक बोलका आहे. लवकर वर्दी देणाऱ्याचा तोटा कमी, लपवणाऱ्याचा अधिक. यामागे पशुपालकांविषयी निव्वळ कळवळा होता असे मानण्याचे कारण नाही (त्या संसदेत जमीनदारांचा भरणा होता, हे विसरू नये). कायद्याला वर्दी हवी होती आणि तो तिची किंमत मोजत होता.

४/ हिंदुस्थानातही १८६९ मध्ये हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथीवर आयोग नेमला गेला. तथापि गुरांची सरसकट कत्तल हे येथील धोरण कधी झालेच नाही. साहजिकच, मारलेल्या जनावराचे मोल चुकते करण्याची सवयही राज्ययंत्रणेला लागली नाही.

५/ २०२१ च्या उद्रेकात मोठ्या अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये आणि मोठ्या ब्रॉयलरला ७० रुपये असा दर होता. निम्मा भार केंद्राचा, निम्मा राज्याचा. गावरान कोंबडी आठवडी बाजारात याच्या कितीतरी पट दराने जाते. मग खुराड्यात दोन पक्षी मरून पडले, तर घरची बाई पशुवैद्यकीय दवाखाना गाठेल की उरलेले पक्षी बाजारात नेईल? तिने बाजार गाठला, तर दोष तिच्या अज्ञानाचा नसून दरपत्रकाचा आहे. आणि पाटीत बसून रोगही त्याच बाजारात पोहोचतो.

६/ गावरान पक्ष्याचा दर स्वतंत्र ठरवावा, तोही स्थानिक बाजारभावाने. खुराडे रिकामे करण्यापूर्वी पंचनामा व्हावा, आणि रक्कम कोंबड्या पाळणाऱ्या त्या बाईच्याच खात्यात जमा व्हावी.