घरच्या साबणातील लाटा
घरी साबण करणाऱ्या भगिनींची नेहमीची तक्रार अशी की, पांढऱ्यात तांबडा ओतला तरी लाटा उमटत नाहीत. एक तर दोन्ही रंग एकजीव होतात, नाही तर गोळे राहतात. दोष हाताचा नसून दाटपणाचा असतो. मिश्रण आंबोळीच्या पिठाइतके असावे. पळीतून पडलेली धार वर क्षणभर रेघ ठेवून विरू लागली, की निम्म्यात तेलात खललेला गेरू मिसळून लगेच ओतावे.

आमच्या रत्नागिरीकडे मात्र एक फसगत होते. खोबरेलाच्या जोडीला घातलेले कोकमतेल सुमारे ४० अंश सेंटिग्रेडला वितळते. मिश्रण निवताच ते थिजते व दाटपणा आल्याचा भास होतो. त्या भासास आम्ही एकदा भुललो, आणि वडीत कच्च्या राहिलेल्या कॉस्टिकाने धाकट्या सूनबाईंचे हात पोळले. म्हणून शंका येताच भांडे कोमट पाण्यात धरावे. मिश्रण पुन्हा पातळ झाले, तर ते केवळ थिजले होते असे समजून ढवळणे चालू ठेवावे. वड्या चार आठवडे वाळवाव्यात. नक्षी बिघडल्यास साबण वाया जात नाही. कच्चा साबण मात्र लेकरांच्या अंगास लावू नये.