‘टीटी’च्या पुढचे पाऊल

गरोदरपणातली ‘टीटी’ची सुई आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. आता ती ‘टीडी’ झाली आहे, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण देते. पण आजीपासून सगळ्यांच्या तोंडी अजून ‘टीटी’च आहे. ही सुई केवळ आईसाठी असते, हा मात्र गैरसमज. १९८८ साली जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बालके धनुर्वाताने दगावल्याचा अंदाज आहे. २०१५ मध्ये भारताने माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन साधले. त्यात दवाखान्यातील बाळंतपणांबरोबर या लशीचाही मोठा वाटा होता.

लस घेतल्यावर आईच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. ही वाहतूक शेवटच्या तीन महिन्यांत सर्वाधिक असते, म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ही शिदोरी कमी मिळते. ती काही महिन्यांत सरतेही; पण तेच महिने सर्वाधिक धोक्याचे असतात.

डांग्या खोकल्याचेच घ्या. बाळाची स्वतःची लस दीड महिन्यानंतर सुरू होते. त्याआधी लागण झाली, तर अनेकदा खोकल्याची ढासही येत नाही, थेट श्वासच थांबतो. ब्रिटनमध्ये २०१२ च्या साथीत १४ तान्ही बाळे गेली. त्याच ऑक्टोबरपासून तिथे गर्भवतींना ही लस देणे सुरू झाले आणि तीन महिन्यांखालील बाळांना तिने सुमारे ९० टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. पुढे लस घेणाऱ्यांचे प्रमाण घसरले. २०२४ च्या साथीत पुन्हा ११ बाळे दगावली. फ्लूची लस तर सहा महिन्यांखालील बाळाला देताच येत नाही. बांगलादेशातील चाचणीत ती आईला दिल्यावर बाळांमधील फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाला.

याला दुसरी बाजूही आहे. आईची प्रतिपिंडे बाळाच्या पुढच्या लशींचा प्रतिसाद काहीसा मंदावतात. गोवराची लस नऊ महिन्यांनंतर देण्यामागे हेही एक कारण आहे. तरीही सुरुवातीच्या आठवड्यांत जीव वाचत असेल, तर हा सौदा परवडणाराच म्हणावा लागेल. (रुबेलासारख्या जिवंत विषाणूंच्या लशी मात्र गरोदरपणात चालत नाहीत, त्या आधीच घ्यायच्या.)

आपल्या सरकारी कार्यक्रमातील गर्भवतींचे नियमित लसीकरण ‘टीडी’पाशीच थांबते. डांग्या खोकल्याचा समावेश असलेली ‘टीडॅप’ आणि फ्लूची लस ‘फॉग्सी’ ही प्रसूतितज्ज्ञांची संघटना सुचवते; पण त्या मिळतात खासगी दवाखान्यात, पदरचे पैसे मोजून. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, थोरले भावंड खोकत असते, त्या घरातल्या बाळाला या संरक्षणाची गरज अधिक आणि तिथेच ते पोहोचत नाही. ‘टीडी’चा एक डोस बदलून ‘टीडॅप’ द्यायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. तपासणीचा दिवस तोच, परिचारिका तीच, शीतपेटीही तीच. अडचण किमतीची आहे आणि एकगठ्ठा सरकारी खरेदीने किंमत खाली आणता येते, हे बालकांच्या लशींबाबत आपण पाहिले आहे. निदान काही जिल्ह्यांत तरी ही सुरुवात व्हायला हवी.