काठावरच्या बाटलीनं हतनूर कळणार नाही

पावसाळ्यात हतनूरचे ४१ पैकी किती दरवाजे उघडले, हे आपल्याला मोबाईलवर घरबसल्या कळतं. पण आत साठलेलं पाणी कसं आहे, हे कुणी विचारतं का? बुऱ्हाणपूरकडून तापी येते, अकोला-बुलढाण्याकडून पूर्णा. चांगदेवला दोघी भेटतात आणि वाटेतलं सांडपाणी, शेतातलं खत, गाळ घेऊन हतनूरला येऊन थांबतात. आपली तहान याच तापीवर आहे.

पाणी तपासायला सरकारी यंत्रणा आहे, मान्य. पण कुणालाही नमुना घ्यायला सोपी जागा म्हणजे काठ. तिथं गुरं उतरतात, कपडे धुतात, वाऱ्यानं जलपर्णी येऊन साचते. ते पाणी काठाचीच हकीकत सांगतं. मधलं पाणी आणायचं तर होडी हवी, पोहणारा माणूस हवा. म्हणून ते राहूनच जातं.

माझं म्हणणं एवढंच की हे काम आपल्या शाळा-कॉलेजातली पोरं घरी बनवलेल्या रिमोटच्या बोटीनं करू शकतात. चार इंची पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे, दोन्ही टोकं बंद, वर प्लायवूडची फळी. पाण्याखालचा पंखा जलपर्णीत अडकतो, म्हणून पंखा वर हवेत ठेवायचा आणि त्याला जाळी लावायची. कारच्या काचेवर पाणी मारणारा १२ व्होल्टचा पंप, फूटभर खाली सोडलेली नळी आणि एक बाटली. बोट बंद पडली तर ओढून आणायला मागं नायलॉनची दोरी.

कुणी म्हणेल, "भाऊ, खेळण्याच्या बोटीनं काय होते?" होतं, पण शिस्त पाळली तर. आधीच्या जागेचं पाणी नळीत राहतं, म्हणून पहिलं थोडं पाणी सोडून द्यायचं. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटलीच लागते, तिथं हा पंप चालत नाही. पंपानं ओढताना पाण्यात हवा मिसळते, म्हणून ऑक्सिजन मोजायचा तर सेन्सरच पाण्यात सोडायचा, तोही पहाटे. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तोच ओढून घेतं. दुपारी चांगला दिसणारा आकडा पहाटे घसरलेला असतो. शुद्ध करून प्यायच्या पाण्याच्या स्रोतात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

सुरुवात हतनूरपासून नको. तिथं जलसंपदा विभागाची परवानगी लागेल, ती रीतसर मागावी. आधी शेततळं घ्या. तिथला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा की आत गेलेल्याला वर येणं कठीण. बाटलीभर पाण्यासाठी पोराला तिथं उतरवायचं कशाला? बोट सोडा. पीएच आणि क्षार कळले तर ठिबकच्या नळ्या का चोंदतात, याचाही अंदाज येईल. केळीवाल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बोट बनवून विज्ञान प्रदर्शनात बक्षीस घेतलं, फोटो टाकला आणि ती कपाटात गेली, तर काही उपयोग नाही. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी नमुना घ्या, वहीत लिहा. आकडा बिघडलेला दिसला तर लगेच बोंब मारू नका, तोच नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. घरच्या यंत्राचा आकडा हा पुरावा नसतो, तो इशारा असतो. पण इशारा देणारंच कुणी नसेल तर अधिकृत तपासणी मागणार कोण?

नगरपरिषदेला विनंती आहे. प्रयोगशाळेचे अहवाल दर महिन्याला फलकावर लावा, पोरांच्या आकड्यांनाही शेजारी जागा द्या. पाणीपट्टी आपण भरतो, मग पाणी कसं आहे हे विचारायचा हक्कही आपलाच.

विज्ञानाचे शिक्षक, मोटर वाइंडिंगवाले, शेततळं असलेले शेतकरी, कोण कोण तयार आहे? खाली लिहा.