आधी सिरिंज, मग मुंडी, मग माणूस

आम्ही कान-नाक-घशाचे रेसिडेंट, नुकतेच पास झालेले सर्जन आणि आम्हाला शिकवणारे काही वडीलधारे आजपासून स्वतःला एक नियम घालून घेत आहोत: कानाच्या नाजूक ऑपरेशनसाठी हात बसवायचा तो रुग्णाच्या कानावर नाही.

कानातली रिकीब (स्टेपीज) हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. १९५६ साली अमेरिकेत जॉन शे यांनी ते काढून टेफ्लॉनची रिकीब बसवली. आज मूळ रिकिबीच्या तळपट्टीला मिलिमीटरहून लहान भोक पाडून पिस्टन बसवतात. पट्टीच्या लगेच पलीकडे अंतःकर्ण. हात जरा खोल गेला की कान कायमचा जाऊ शकतो. आणि हे शिकायचं कसं? मॉनिटरवर सरांचे हात बघत राहायचं, मग एके दिवशी ‘कर आता’.

देहदानातून मिळणारी टेम्पोरल बोन्स (कानाभोवतीची हाडं) थोडी. संगणकावरचे सिम्युलेटर तर परवडणारच नाहीत. म्हणून दोन मिलीच्या सिरिंजची नळी अडीच सेंटिमीटरवर कापा, हा कानाचा बोगदा. टोकाला पडदा म्हणून ग्लोव्हचं रबर ताणून बांधा, त्यात चीर देऊन ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) बसवा. दुसऱ्या नळीच्या तळाशी तळपट्टी म्हणून अंड्याच्या टरफलाचा तुकडा चिकटवा, वर वाकवलेली पेपरक्लिप. टरफलाला भोक पाडून तांब्याच्या बारीक तारेचा पिस्टन क्लिपला अडकवा. मायक्रोस्कोपखाली स्वतःच्या हाताची थरथर पहिल्यांदा दिसते आणि मनगट कुठे टेकवायचं तेही कळतं.

ड्रिलसाठी कच्चं अंडं: टरफल घासून काढायचं, आतला पापुद्रा फाटला की नापास. मग खाटकाकडची मुंडी. शेळी-मेंढीच्या कानातली हाडं माणसाच्याच वळणाची, थोडी लहान. (खाटीक आधी चक्रावतो, नंतर ‘डॉक्टर, तुमची मुंडी’ म्हणून बाजूला काढून ठेवतो.)

चेहऱ्याची नस मात्र सिरिंजमध्ये नसते. कानामागचं मास्टॉइड हाड घासताना ती कशी जपायची, हे खऱ्या टेम्पोरल बोनवरच शिकावं लागतं. तिथे आम्ही स्वस्ताईचा हट्ट धरणार नाही. पण इतकं दुर्मीळ हाड ड्रिल कसं धरायचं हे शिकण्यात वाया जाऊ नये.

विभागप्रमुखांकडे मागणं थोडंच आहे: ओटी संपल्यावर तासभर मायक्रोस्कोप मोकळा ठेवा, मोडीत काढलेली हत्यारं सरावाला द्या आणि सराव स्वतः बघून सही केल्याशिवाय रेसिडेंटच्या हाती रुग्णाचा कान देऊ नका.

आमच्या मॉडेलचं पेटंट आम्ही घेणार नाही. आमच्यात सामील व्हायला फी नाही. स्वतः बनवलेलं एक मॉडेल घेऊन या आणि दुसऱ्या कुणाला तरी ते बनवायला शिकवा.