विश्लेषण : वेबसाइट नवी, कुकी जुन्या, भुर्दंड नागरिकाला का?

भिवंडीच्या निजामपुऱ्यातील एका यंत्रमागधारकाचे उदाहरण घ्या. मालमत्ता कर भरण्याचा शेवटचा दिवस आणि महापालिकेची वेबसाइट नुकतीच नवी झालेली. मोबाइलवर ओटीपी येतो, पण तो टाकला की पुन्हा लॉगिनचेच पान समोर येते. शेजाऱ्याच्या नव्या मोबाइलवर मात्र तीच वेबसाइट सुरळीत चालते. मदत क्रमांकावर उत्तर मिळते, ‘हिस्ट्री डिलीट करा’. हे उदाहरण कल्पित आहे. त्यामागचा तांत्रिक दोष मात्र खरा असून तो कोणत्याही शहराच्या वेबसाइटवर उद्भवू शकतो.

कुकी म्हणजे काय?

वेबसाइटला प्रत्येक भेट नवीच वाटते; मघाशी लॉगिन केलेली व्यक्ती हीच, हे तिला आपोआप कळत नाही. त्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची युक्ती काढली. कुकी म्हणजे वेबसाइटने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी चिठ्ठी. पुढच्या प्रत्येक वेळी ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि वेबसाइट ओळख पटवते.

वेबसाइट बदलली तरी जुनी कुकी का उरते?

सर्व्हर आणि त्यावरची माहिती कंत्राटदार एका रात्रीत बदलू शकतो. चिठ्ठी मात्र नागरिकाच्या मोबाइलमध्ये असते. वेबसाइटचा पत्ता तोच राहिला, तर नवी यंत्रणा सुरू झाल्यावरही मुदत संपेपर्यंत ब्राउझर जुनी चिठ्ठी इमानेइतबारे पुढे करत राहतो.

मग लॉगिन का अडते?

जुन्या यंत्रणेने कुकी संपूर्ण डोमेनसाठी ठेवली आणि नव्या यंत्रणेने त्याच नावाची कुकी फक्त एका उपडोमेनसाठी ठेवली, तर ब्राउझर त्यांना दोन वेगळ्या कुकी मानतो आणि दोन्ही पाठवतो. पाठवताना तो फक्त नाव आणि मजकूर सांगतो. चिठ्ठी कोणत्या खिडकीची, हे सांगत नाही. साधारणपणे आधी तयार झालेली कुकी आधी जाते आणि बरेच सर्व्हर पहिलीच उचलतात. ती जुनी असल्याने ओळख पटत नाही. नागरिक पुन्हा लॉगिन करतो आणि फेरा सुरूच राहतो. कुकींचा ढीग मोठा झाला, तर सर्व्हर विनंतीच नाकारतो आणि ‘४०० बॅड रिक्वेस्ट’ असा संदेश दिसतो.

पैसे कापले, पण पावती नाही, हे कशामुळे?

२०२० पासून क्रोमने कुकींचे नियम कडक केले. ‘सेमसाइट’ ही सूचना न लिहिलेली कुकी दुसऱ्या वेबसाइटवरून आलेल्या अनेक विनंत्यांसोबत पाठवली जात नाही. बँकेच्या पानावरून कर भरण्याच्या पानावर परतताना नेमके हेच घडू शकते. पैसे गेलेले असतात, पण वेबसाइट भरणाऱ्याला ओळखत नाही. जुन्या यंत्रणेची कुकीची मांडणी तशीच उचलून नव्या यंत्रणेत बसवली, की हा दोषही सोबत येतो.

‘हिस्ट्री डिलीट करा’ हा उपाय का नव्हे?

एक तर नुसती हिस्ट्री पुसून कुकी जात नाहीत. सगळ्या कुकी पुसल्या, तर इतर वेबसाइटवरचे लॉगिनही जातात. तातडीची गरज असेल, तर इन्कॉग्निटो खिडकीत वेबसाइट उघडावी. तिथे जुन्या कुकी नसतात. किंवा ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त त्याच वेबसाइटचा डेटा काढावा. पण ही झाली तात्पुरती मलमपट्टी. कुकी वेबसाइटनेच ठेवली होती, तेव्हा ती काढण्याची जबाबदारीही वेबसाइट चालवणाऱ्याचीच आहे.

यंत्रणांनी काय करायला हवे?

हे काम अवघड नाही, ते बहुधा यादीतच नसते. वेबसाइट बदलण्यापूर्वी जुन्या प्रत्येक कुकीचे नाव, डोमेन, मार्ग आणि मुदत नोंदवावी. नव्या कुकींना नवी नावे द्यावीत, म्हणजे गल्लत होणार नाही. जुनी कुकी काढण्यासाठी त्याच नावाची, त्याच डोमेनची आणि त्याच मार्गाची कुकी मुदत संपलेली दाखवून पाठवावी लागते; यातले एकही चुकले तर जुनी कुकी जागच्या जागी राहते. जुन्या कुकीत नागरिकाचा ग्राहक क्रमांक उघडा लिहिलेला असेल, तर त्यावर विसंबून कोणालाही आत घेऊ नये. तो क्रमांक कोणीही बदलू शकतो.

ही सफाई एका दिवसात संपत नाही, कारण अनेक जण वर्षातून एकदाच कर भरायला येतात. ऑगस्ट २०२२ मधील क्रोम १०४ या आवृत्तीपासून कुकीचे आयुष्य जास्तीत जास्त ४०० दिवस ठेवता येते. म्हणून सफाईची व्यवस्थाही बदलानंतर किमान तेवढे दिवस चालू ठेवावी.

मुख्य म्हणजे या बाबी निविदेतच लिहायला हव्यात. कोऱ्या संगणकावर नवी वेबसाइट चालवून दाखवली, की काम पूर्ण झाल्याचे मानले जाते. तिथे हा दोष दिसणारच नाही. जुनी वेबसाइट वापरलेल्या मोबाइलवर लॉगिनपासून पावतीपर्यंत चाचणी झाल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक मंजूर करू नये.

महापालिकेचा मालमत्ता कर थकला, की दरमहा दोन टक्के शास्ती लागते. वेबसाइटच्या दोषामुळे मुदत हुकली, तर ती शास्ती नागरिकाच्या माथी मारणे न्याय्य नाही. वेबसाइट बदलल्यानंतरच्या पहिल्या करभरणा मुदतीत सवलतीचे काही दिवस आधीच जाहीर करणे, एवढे तर प्रत्येक महापालिकेला सहज शक्य आहे.